देवीचं सोनं जास्त भरलं तवा

सोनाराच्या काट्यावरचा आकडा थांबला आन् देवळातलं बोलणंच थांबलं. सोनं कमी भरलं असतं तर लोक वरडले असते, कुणीतरी कुणाची तरी गचांडी धरली असती. पर सोनं जास्त भरलं व्हतं. देवीचं मंगळसूत्र कागदावर जेवढं लिवलं व्हतं त्याच्यापरीस जड. सोनारानं ते उचललं, काटा पुसला, परत ठेवलं. परत तेच. पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा काढला आन् म्हणाले, "पेटीला कुणीही हात लावायचा नाही. जो जिथे आहे तिथेच थांबेल."

आन् पेटीच्या अंगाला कोण उभं? मी. खाकीत. शिरूरच्या तिजोरीतनं पेटी भाईर काढल्यापासनं ती माझ्याच नजरंखाली व्हती. भाईर वट्यावर सासूच्या मांडीवर माझी पोरगी दुधासाठी रडत व्हती आन् मला हलायची सोय न्हाई. म्या गळ्यातल्या मंगळसूत्राचा मणी दातात धरला. भ्याले की मी तेच करते. ल्हानपणी वढणीचं टोक चावायची, लगीन झालं तवापासनं मणी. तो दिस आठवला की आजबी हात आपसूक गळ्याकडं जातो.

आता मी कोण ते सांगते. मी काय मोठी अधिकारी न्हाई. मोठे साहेब लोक रिटायर झाल्यावर आठवणी लिवतात, मी आपली होमगार्ड व्हते. धावी पास, अकरावी निम्मी सोडलेली. न्हावरे गावाकडं दिलेली, माह्यार केडगावला स्टेशनच्या पलीकडं. जत्रा, इलेक्शन, मोर्चा, जिथं बायांची गर्दी तिथं मला बंदोबस्त. ठाण्यात महिला पोलीस एकच, ती कोर्टात गेली की बाई माणसाची झडती घ्यायला, बाईजवळ बसायला मलाच बोलवायचे. धाकट्याच्या वक्ताला म्या बिल्ला परत दिला तवा हवालदारमामा म्हणाले, "आमी पोटं सुटल्यावर रिटायर व्हतो, तू पोट आलं म्हणून रिटायर झालीस." लई हसलो व्हतो. अजून ते ठाणं डोळ्यापुढं येतं. दारातलं लिंबाचं झाड, सकाळची हजेरी, वायरलेसची खरखर, टपरीवरनं येणारा गोडमिट्ट च्या. इस्त्री केलेल्या खाकीचा वास आला की आजबी पाठ ताठ व्हती माझी.

आन् हे आत्ताच का सांगते, तर परवा टीव्हीवर देशाच्या सोन्याचं चाललं व्हतं. देशाचं सोनं कुठल्या कुठल्या तिजोऱ्यांत ठेवलेलं असतं, सीलबंद, आन् ते खरंच तेवढं हाय का हे कुणी मोजायचं. चार माणसं भांडत व्हती. कमी भरलं तर, कमी भरलं तर, एवढंच. मालक जेवता जेवता म्हणाले, "सील हाय न्हवं? मंग झालं की." जास्त भरलं तर काय, हे त्यातल्या एकालाबी सुचलं न्हाई. मी बघितलंय ते.

गाव भीमेच्या काठचं. नाव सांगत न्हाई. तिथल्या देवीचं सोनं लई, म्हणून ते देवळात ठेवत न्हाईत. वरीसभर शिरूरला सरकारी तिजोरीत, लाकडी पेटीत, पेटीला लाखेचं सील. जत्रंच्या दिशी पोलीस गाडीतनं पेटी गावात येणार, देवीला सोनं घालणार, सांजच्याला परत सील करून तिजोरीत. तपासणी म्हंजी काय, तर येताना सील बघायचं, जाताना सील बघायचं, दागिनं मोजायचं आन् सह्या ठोकायच्या. नथ एक, पट्टा एक, मंगळसूत्र एक. वजन कुणी करत न्हवतं. कितींदा लाख वितळवताना मीच काडी धरली असंल. त्या सालीच नवे साहेब आले आन् म्हणाले, "एकूण नग बरोबर आहेत म्हणजे सोनं बरोबर आहे असं होत नाही." काटा मागवला.

जास्त भरलं ते फकस्त मंगळसूत्रच. सोनारानं मणी कसोटीच्या दगडावर घासून बघितलं. समदं सोनंच. पर कुठला मणी चोख, कुठला हिणकस, कुठला भरीव, कुठला पोकळ. एका घडणीचं न्हाईतच. साहेब म्हणाले, "म्हणजे अस्सल मणी काढून घेतलेत आणि वजन भरायला हलके घातलेत. घालताना हिशेब चुकला." बोलणं पटण्यासारखंच व्हतं. कारण चोरानं सोनं घालावं कशाला?

आन् मंगळसूत्राला हात लावणारं माणूस एकच. गुरवमावशी. देवीला सोनं घालायचं काम बायांचंच, पडदा लावून. पुरुष आत न्हाई, पोलीसबी न्हाई. म्हणून पडद्याच्या आत मी, पर मावशीकडं पाठ करून. दर जत्रंला मावशी मंगळसूत्र जुन्या दोऱ्यातनं उतरवायची आन् नव्या रेशमाच्या दोऱ्यात वोवायची. नवरा मेलेला, पोरबाळ न्हाई, देवीच्या सेवंवरच घर. देवळामागची खोली, तीबी सेवंपायीच. ट्रस्टच्या अध्यक्षांनी पाच मिनिटांत जाहीर केलं, "सेवा बंद. खोली रिकामी करायची. आन् गुन्हा दाखल करा."

मावशी देवीच्या पायापाशी बसलेली. नुसती पदराचा काठ सारखा करत बसली.

गाडीत मावशी, पेटी, हवालदारमामा आन् मी. पोरगी माझ्याच कडंवर, कारण ती दुसऱ्या कुणाचं दूध पीत न्हाई आन् महिला पोलीस त्या दिशी कोर्टात. मामा मागं वळून म्हणाले, "ठाण्याच्या इतिहासात एवढा ल्हान आरोपी पयल्यांदाच चाललाय. डायरीला काय घालू, गुन्हा दूध मागणे?" मावशीच्या तोंडावर हसू आलं आन् लगीच गेलं. मला हसूच येईना. माझ्या डोक्यात एकच, पेटीवर मी व्हते, पडद्याआत मी व्हते, उद्या माझंबी नाव येनार.

ठाण्यात साहेबांनी, म्हंजी आमच्या फौजदारसाहेबांनी, पंच बोलवले, स्टेशन डायरीला नोंद केली आन् दोरा कापून मणी पांढऱ्या कागदावर मांडायला लावले. साहेब वरडणारे न्हवते. आरोपीला आधी च्या द्यायचे आन् मंग इचारायचे. म्हणायचे, "गरम च्या हातात असला की माणूस खोटं सावकाश बोलतं."

"मावशी, मणी कुठनं आलं?"

"देवीनं घेतलं."

"कुणाकडनं?"

"ज्यानं दिलं त्याच्याकडनं."

"आता देवीचा जबाब मी कसा घेऊ? सही कुठं करंल ती?"

"सही कशाला लागती तिला? कपाळाला कुकू हाय की."

मामा खाली मान घालून हसले. साहेबबी हसले आसतील, पर दाखवलं न्हाई. परत परत इचारलं. बदललं का? न्हाई. कुणी आणून दिलं? ठावं न्हाई. कवापासनं चाललंय? देवी हाय तवापासनं. शेवटी साहेब पेन ठेवून म्हणाले, "मावशी, बाईला सांजनंतर ठाण्यात ठेवता येत न्हाई. दिस मावळायच्या आत मला ठरवायचंय, अटक दाखवायची का सोडायचं. तुमी काय सांगितलंच न्हाई तर मला दुसरा रस्ता न्हाई." आन् मला म्हणाले, "हिच्यापाशी बस. तू बाई हायेस, तुला बोलंल."

आमी दोघी मागच्या खोलीत बसलो. पोरगी पिऊन झोपली. मावशीनं तिला माझ्याकडनं घेतलं आन् पाय हलवत बसली. मी म्हणाले, "मावशी, सांगा की ओ. सेवा गेली तर जाणार कुठं तुमी?"

ती बोलली. माझ्याकडं न बघता, पोरीकडं बघूनच. "ज्या बाईचं पोट राहत न्हाई, लेकरू जगत न्हाई, तिच्या घरची बाई एक मणी काढती. तिच्याच गळ्यातला. तांदळात लपवून वटीतनं देवीला देती. मी वटी घेते, मणी काढते, दोऱ्यात घालते. तोंड बघायचं न्हाई. वर बघायचंच न्हाई. देनारीनं बोलायचं न्हाई, घेनारीनं बोलायचं न्हाई. माझी सासूबी असंच करायची. बोललं की ज्या लेकरासाठी दिलं त्याच्यावरनं देवीचा हात निघाला."

"म्हंजी कुणी दिलं तुमाला ठावंच न्हाई?"

"हात ठावं हायेत. तोंड न्हाईत."

मी भाईर आले. साहेबांना एवढं सांगितलं तर ते मान हलवायला लागले. "खरं असंल गं. पर नुसत्या तोंडी गोष्टीवर पुण्याचे साहेब गप बसत न्हाईत. एक तरी बाई म्हणायला पायजे की हा मणी माझा, म्या दिला. एकच पुरं. मंग समदं सरळ व्हतं. गावात इचारलं तर कोण कबूल करनार? निम्म्या जणींनी नवऱ्याला न सांगता काढलेला असनार."

बोलता बोलता माझं ध्यान कागदावर गेलं. मणी मांडलेलं. खिडकीतनं ऊन त्याच्यावर. आन् कडंला एक पोकळ मणी व्हता, एका अंगानं चेपलेला. दाताचा चेप. एक खोल, त्याच्या शेजारी एक उथळ. माझा वरचा एक दात वाकडा हाय.

म्या जिभंनं त्यो दात चाचपला.

त्याच्या आदल्या सालची गोष्ट. माझं पयलं पोट पडलं व्हतं. दुसऱ्यांदा दिस गेले तवा आईनं मला केडगावला नेलं आन् म्हणाली, "मंगळसूत्राचा दोरा कुजलाय, दे, वोवून आणते." आणलं. सासरी आले तवा सासूनं बोटानं मणी सारत सारत बघितलं आन् म्हणाली, "एक मणी कुठाय? माह्यारी ठेवून आलीस व्हय?" लेक झाली, बारसं झालं, तरी ते बोलणं थांबलं न्हाई. पाव्हणं आलं की तेच, हिच्या आईनं मणी ठेवून घेतला म्हणून. मलाबी वाटायचं, आईनं अडचणीत मोडला असंल. आईला इचारायची लाज वाटायची, आन् मनातनं राग. वरीसभर मी माझ्या आईशी सरळ बोलले न्हवते.

लिंबाखाली जाऊन म्या आईला फोन लावला.

"आये, माझा मणी कुठाय?"

तिच्या मागनं मालगाडी चालल्याचा आवाज येत व्हता, ती पुरी जाईस्तवर आई बोलली न्हाई.

"आये, मणी हितं ठाण्यात टेबलावर हाय. मावशीला आत घालायला लागलेत."

"पोरगी कुठाय?"

"हाय, झोपलीया."

"मंग लेकराला घिऊन घरी जा. मणी इचारू नगंस आन् सांगू नगंस. मी वरीसभर चोर म्हणून घेतलं ते कशापायी घेतलं? फोन ठेव."

तिनंच ठेवला.

आता तुमी म्हणाल, एवढं काय, सांगून टाकायचं. मलाबी शिकलेल्या बाया तसंच म्हणतात. पर तवा माझी पोरगी आत मावशीच्या पायावर झोपली व्हती. एक गेलेलं व्हतं माझं. ती शिंकली तरी मी रातभर जागायची. खरं का खोटं, हे ज्याचं लेकरू जगलंय त्यानं ठरवावं, मला ठरवता येत न्हवतं. लिंबाची सावली लांब लांब व्हत भितीपातूर गेली. मामा दोनदा दारात येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, दिस बुडायला आला. साहेब कागद भरायला बसल्यात."

आत गेले. साहेबांनी अटकेचा फॉर्म पुढं वढला व्हता, मावशीचं वय इचारत व्हते आन् तिला ते सांगता येत न्हवतं. तिच्या पायावर पोरगी जागी झाली व्हती आन् मावशीच्या पदराचा काठ वढत व्हती.

मी म्हणाले, "साहेब, त्यो चेपलेला मणी माझा हाय."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. सोनाराला परत बोलवलं. म्या गळ्यातलं काढून टेबलावर ठेवलं. त्यातल्या दोन मण्यांवर तसाच चेप, तसाच वाकडा दात. सोनार भिंग लावून बघत बसला आन् म्हणाला, "साहेब, हे एका साच्यातलं आन् एका तोंडातलं." मामा म्हणाले, "पंचनाम्यात दात कसा लिवायचा?" पर लिवला. जबाबात माझं नाव, आईनं कुणासाठी दिला ते, समदं. खाली म्या सही केली. सही करताना पोरगी हसली का रडली मला ठावं न्हाई, मी तिच्याकडं बघितलंच न्हाई.

मंग सरळ झालं. दुसऱ्या दिशी सोनारानं जुन्या घडणीचे मणी येगळे काढून तोलले, ते कागदाशी बरोबर जुळले. देवीचं गुंजभरबी गेलं न्हवतं. अध्यक्षांनी फिर्याद दिली न्हाई, सेवा राहिली, खोली राहिली. तपासणीसाहेब मावशीला म्हणाले, "आजी, चुकलं आमचं." माणूस वाईट न्हवता.

मला वाटलेलं मावशी मला जवळ घेईल. त्या सांजंला साहेबांनी गाडीनं सोडायला लावलं, मी तिच्यासंगं गेले. देवळापाशी उतरताना तिनं पोरगी माझ्याकडं दिली आन् म्हणाली, "कशाला बोललीस गं? मी म्हातारी, आत गेले असते. भाकर तर मिळाली असती. तू लेकराचं बोललीस." आन् पोरीच्या कपाळाला कुकवाचं बोट लावून आत गेली. तिचा तो दम अजून कानात हाय. माझ्या सासूनं मात्र त्या दिवसापासनं मण्याचं नाव काढलं न्हाई. पुढच्या सणाला तिनं सोताहून माझ्या आईला लुगडं धाडलं. आई ते नेसली न्हाई, पर परतबी केलं न्हाई.

आन् मणी? बाकीचे मणी कुणाचे ते समजलंच न्हाई, म्हणून साहेब लोकांनी ते गुप्तदान म्हणून देवीला लावले. माझ्या मण्याची मालकीण समजली. तपासणीसाहेब म्हणाले, "नाव कळलं की ते गुप्त राहत नाही. पावती फाडून द्या, फलकावर नाव येईल. नाहीतर परत घ्या." फलकावर नाव घालून नवस व्हतो व्हय? म्या कागदाच्या पुडीत मणी परत आणला. हळदीच्या डब्यात ठेवलाय, अजून तिथंच हाय.

ह्या प्रकरणानं मला एक कळलं, हिशेबाला कमी चालत न्हाई तसं जास्तबी चालत न्हाई. आन् सीलाच्या आत काय हाय ते सील ठोकणाऱ्यालाबी ठावं नसतं. माझ्या आईच्या गप बसण्यात काय व्हतं ते मला तरी कुठं ठावं व्हतं? ती आता थकली. मी केडगावला गेले की आमी दोघी दारात बसतो, गाड्या बघतो, त्यो विषय काढत न्हाई.

पोरगी आता पयलीला जाती. चांगली हाय, टणटणीत. तरी थंडीत खोकली की मी उठून डबा उघडते, मणी हाय का बघते, परत झाकण लावते.

परवा जत्रा हाय. आता खाकी न्हाई, मी वटी घिऊन जानार, बायांच्या रांगंत. पडद्याच्या आत मावशीच हाय, तिचे हात आता थरथरतात. तांदळात मणी लपवला तर ती वर बघणार न्हाई, दोऱ्यात घालंल. माझ्या लेकरावर देवीचा हात परत यील. पर आता दर साली काटा लागतो. पावतीबिगर मणी एक जरी जास्त भरला तरी पयला सवाल तिलाच, आन् आवंदा तिला सोडवायला बोलणारी कोण असंल, मी परत बोलंन का, मला सांगता येत न्हाई. तांदूळ निवडून ठेवलेत. डबा म्होरं हाय. माझ्या जागी तुमी असता, तर काय केलं असतं?